उतरता आकडा

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी माझ्या धाडसाचं कौतुक करायला नको. लहानपणी पाल दिसली की मी पलंगावर चढून बसायचे आणि मकरंददादा मला 'भित्री भागूबाई' म्हणून चिडवायचा. पुढे तो यंत्रं बनवणारा झाला आणि मी छतांची गणितं करणारी झाले. मिरजेत आमची कंपनी निघाली, तिची यंत्रं पार हिमालयात जाऊन बसली, पण चिडवणं काही सुटलं नाही.

त्या जानेवारीत मी शिंगरी खिंडीच्या पायथ्याशी होते. बोगद्याच्या तोंडापासून तीनशे मीटरवर तिथे एक मोठा वाहनतळ आहे. खिंडीत दरड किंवा हिमकडा कोसळून रस्ता बंद झाला की गाड्या आणि माणसं तिथे थांबवतात. आता 'आहे'ऐवजी 'होता' म्हणायला हवं, पण माझी जीभ अजून वळत नाही.

तळाच्या तीन बाजूंना वारा अडवणाऱ्या उंच भिंती होत्या आणि वर छत होतं ते उघडं. म्हणजे खांब, तुळया आणि त्यांवर पोलादी पाइपांची जाळी, एवढंच. पत्रा नाही, काँक्रीट नाही. उन्हाळ्यात त्या जाळीवर कापड ताणायचं आणि हिवाळा आला की गुंडाळून ठेवायचं. पाइप जेमतेम मनगटाएवढे आणि दोन पाइपांमध्ये बारा सेंटीमीटरची फट. वरून पडणारा बर्फ त्या फटींतून खाली जावा, छतावर साठूच नये, ही त्यामागची अक्कल होती. खाली साठलेला बर्फ लोटायला एक छोटं वाहन होतं. तिथे पहिल्यांदा येणारा प्रत्येक माणूस वर बघून म्हणायचा, "हे कसलं छत? आभाळ दिसतंय." मी म्हणायचे, "आभाळ दिसतंय तोवर काळजी नाही." हे मी गमतीनं म्हणायचे.

छतावर किती भार आहे ते दादाचं यंत्र सांगायचं. त्याचं नाव 'कानोसा'. कल्पना साधी होती. प्रत्येक बांधकाम वाऱ्यानं अगदी बारीक थरथरत असतं, आपल्याला कळत नाही इतकं. दोन खिळ्यांवर आडवी टाकलेली बांबूची काठी भरभर हलते, तिच्यावर ओली लुगडी वाळत घातली की तीच काठी संथ हलते. छताचंही तसंच. भार वाढला की थरथर संथ होते. कानोसा ती थरथर ऐकायचा आणि छताच्या ताकदीच्या किती टक्के भार वर बसलाय ते तळावरच्या मोठ्या बोर्डावर दाखवायचा. साठपर्यंत हिरवा, ऐंशीपर्यंत पिवळा, पुढे लाल. लाल झाला की भोंगा वाजायचा आणि बोगद्याचं दार आपोआप उघडायचं, म्हणजे माणसांना आत पळता यावं. एरवी रस्ता बंद असताना ते दार कुणालाही उघडता येत नसे. ते उघडणारा संकेतक्रमांक फक्त कंपनीच्या प्रमुखाकडे, म्हणजे दादाकडे. अशी छतं आणि असे कानोसे आम्ही एकसष्ट ठिकाणी बसवले होते, सगळे एकाच नकाशावरून. सात हिवाळ्यांत कानोसा एकदाही चुकला नव्हता.

पण ते सात हिवाळे कोरड्या बर्फाचे होते.

त्या वर्षी जानेवारीत वरच्या थरातली हवा उबदार झाली. ढगातून पडायचं ते पाणी, आणि खाली जमिनीलगत मात्र उणे चार. पाण्याचा थेंब पाइपाला टेकला की जागच्या जागी गोठायचा. दोन दिवस असा पाऊस झाला. झाडं, तारा, पाइप, सगळ्यांवर काचेसारखं कवच चढलं. तिसऱ्या दिवशी पहाटेपासून त्यावर ओलसर, जड बर्फ पडायला लागला. पलीकडे हिमकडा कोसळला आणि दोन बस, नऊ ट्रक आणि चौऱ्याहत्तर माणसं आमच्या तळावर अडकली. जेवणासाठी लंगर सुरू केला, तंबू ठोकले, शेगड्या पेटवल्या.

बोर्डावर सकाळी सातला सेहेचाळीस होते. आठला त्रेचाळीस. नऊला एक्केचाळीस. आकडा उतरला की बसमधली मंडळी टाळ्या वाजवायची. मिरजेहून दादाचा फोन आला. "बघ, भागूबाई, छत स्वतःच झटकतंय. चहा घे आणि झोप काढ." मी चहा घेतला. मनात कुठेतरी काहीतरी कुरतडत होतं, पण मला तसं रोजच कुरतडतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

दहाच्या सुमारास अंगरूपजी आले. ते तळाचे देखरेखकर्ते, खालच्या गावचे, साठीचे. बहिणीच्या घरचं छत साफ करायला दोन दिवसांची रजा घेऊन गेले होते आणि आता गुडघाभर बर्फातून चालत परतले होते. आमचं बोलणं हिंदीत चालायचं, मी ते मराठीत लिहिते आहे.

आमची कचेरी म्हणजे छताच्या मधल्या दोन खांबांमध्ये बसवलेली लाकडी खोली. अंगरूपजींनी उंबऱ्यापाशी पाय झटकले आणि तिथेच थबकले. कोपऱ्यात लाकडाच्या कुरळ्या ढलप्या पडल्या होत्या.

"हे काय, मॅडम?"

"दार अडकत होतं परवापासून," मी जरा ऐटीतच सांगितलं. "काल रंधा मारला. मीच मारला. आमच्याकडे पावसाळ्यात घरोघरी हेच चालतं. दमट हवेनं लाकूड फुगतं."

त्यांनी एक ढलपी उचलली आणि बोटांत चुरली. ती कुरकुरीत मोडली.

"इथे लाकूड फुगत नाही, मॅडम," ते म्हणाले. "इथे इतकी थंडी असते की लाकूड आक्रसतं. आमच्या गावात दार अडकलं की माणूस दाराकडे बघत नाही. फावडं घेऊन छतावर चढतो. वरची तुळई वाकते, ती चौकटीला दाबते, म्हणून दार अडकतं. माझ्या आजोबांच्या घरी हिवाळ्यात दार कधी पूर्ण लावून घेत नसत. रोज सकाळी नुसतं हलवून बघायचं."

खोलीची चौकट वरच्या तुळईला बोल्टनं जोडलेली होती. ते मला माहीत होतं, कारण तो नकाशा मीच काढला होता. मी बोर्डाकडे बघितलं. अडतीस, हिरवेगार.

"आणखी एक," अंगरूपजी हळू आवाजात म्हणाले. "बाहेर एवढा बर्फ पडतोय. इथे खाली का पडत नाही?"

मी बाहेर येऊन वर बघितलं. तंबूंमधली माणसं मजेत बसली होती. एक बाई म्हणाली, "बरं झालं, थांबला एकदाचा." थांबला नव्हता. भिंतीपलीकडे पांढरा पडदा तसाच उतरत होता. आमच्या डोक्यावर मात्र आभाळ नव्हतं, नुसता करडा, मळकट उजेड होता. फटी बुजल्या होत्या.

कडेच्या खांबाला लागून शिडी होती. मला उंचीची भीती वाटते, पण त्या दिवशी खाली थांबायची त्याहून जास्त वाटत होती. अंगरूपजींनी शिडी धरली. मी हातोडी, मोजपट्टी, एक पिशवी आणि लंगरातला तेलाचा रिकामा डबा घेऊन वर गेले. पाइप ओळखू येत नव्हते. प्रत्येकाभोवती तीन-तीन सेंटीमीटर जाडीचं कवच होतं, काचेसारखं आणि दगडाएवढं कठीण. बारा सेंटीमीटरची फट सहावर आली होती. तेवढ्या फटीतून कोरडा बर्फ गेला असता, पण हा ओला बर्फ दोन्हीकडच्या कवचांना धरून बसला होता. वर त्याचा हातभर थर झाला होता. आम्ही बांधलेली जाळी आता जाळी राहिलीच नव्हती. ते चांगलं भक्कम, सलग छत झालं होतं आणि सगळा बर्फ झेलत होतं.

अर्धा मीटर पाइपावरचं कवच फोडून मी पिशवीत भरलं. वरचा बर्फ न दाबता डब्यात भरला. खाली लंगरातल्या ताणकाट्यावर दोन्ही तोललं. चौरस मीटरमागे बर्फाचं कवच चाळीस किलो, वरचा थर एकशे तीस. एकूण एकशे सत्तर. आमचं छत ऐंशीसाठी बांधलेलं. आम्ही मिरजकर पाइप जरा जाडच घालतो, म्हणून फार तर सव्वाशे पेललं असतं. मी तीनदा गणित केलं. हे छत या क्षणी उभं कशामुळे आहे, ते मला सांगता येत नव्हतं.

बोर्डावर छत्तीस.

मी कचेरीत गेले, बाहेरचा गलका ऐकू येऊ नये म्हणून दार ओढून घेतलं आणि दादाला फोन लावला.

"दादा, बोगद्याचं दार उघडायचा क्रमांक दे. छत पडणार आहे."

"अगं, आकडा उतरतोय."

"मी वर चढून तोललंय."

"तू? वर?" तो हसला. "केतकी, कुठेतरी एका कोपऱ्यात जास्त साठलं असेल. कानोसा आख्ख्या छताचं ऐकतो. तू घाबरली आहेस. चौऱ्याहत्तर माणसं बर्फातून चालवत नेशील, कुणी म्हातारं वाटेत गारठून गेलं तर काय सांगशील? बहीण घाबरली म्हणून?"

तो चुकीचं बोलत नव्हता. तेच तर वाईट होतं. बाहेर वारा असा होता की तीनशे मीटर म्हणजे थोडके नव्हते. मी वर बघितलं आणि मला छताचा आवाज आला. कुरकुर नव्हे. बारीक, ताणलेल्या तारेचा असतो तसा उंच सूर. आणि तो उंच का आहे, हे मला एकदम कळलं.

"दादा, आपण कानोसाला शिकवलं कसं, आठवतंय?"

"म्हणजे?"

"मिरजेच्या शेडमध्ये, मे महिन्यात. बर्फाच्या लाद्या आणल्या, त्या तासाभरात वितळून गेल्या. मग मी म्हणाले, भार तो भार, वाळूची पोती ठेवू. चारशे पोती ठेवली आपण जाळीवर. पोतं ठेवलं की थरथर संथ व्हायची, तू ते लिहून घ्यायचास."

"मग?"

"पोतं पाइपाला चिकटत नाही, दादा. नुसतं बसतं. हा बर्फ चिकटलाय. सगळे सांधे, सगळे बोल्ट, खांबांखालचे रबर, सगळं त्यानं सांधून टाकलंय. ढिल्या पलंगाचे खिळे ठोकून आवळावेत तसं छत ताठ झालंय. ताठ झालं की थरथर भरभर होते. भार दुप्पट झाला तरी. कानोसाला वाटतंय भार उतरला. जितका बर्फ चढतोय, तितका त्याला तो उतरल्यासारखा वाटतोय. आणि हा ताठपणा बर्फाचा आहे. एक तडा गेला की संपला."

पलीकडे त्याची खुर्ची धाडकन मागे सरकली. मग त्याचा श्वास ऐकू आला. माझा भाऊ घाबरलेला मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते, आणि त्याचं मला जराही समाधान वाटलं नाही.

"लिहून घे," तो म्हणाला. आवाज ओळखू येत नव्हता. त्यानं आठ आकडे सांगितले. मी कळफलकावर टाकले. लांब बोगद्याच्या दारावरचा दिवा पिवळा झाला.

मी कचेरीचं दार ढकललं. ते हललं नाही.

काल दोन्ही बाजूंनी रंधा मारलेलं दार. मी खांदा लावला, लाथ मारली, ओरडले. वरून तो सूर येत होता आणि मी त्याच्या बरोब्बर खाली, माझ्याच नकाशातल्या खोलीत अडकले होते. अंगरूपजींनी बाहेरून पहार घातली तेव्हा फळी फुटून दार उघडलं. मी रडत होते. लपवण्यात अर्थ नव्हता.

भोंगा काही वाजला नाही, तो आकड्याचंच ऐकायचा. मी तंबूंमधून ओरडत फिरले, "सगळे बोगद्यात चला, सामान राहू द्या." माणसांनी माझ्याकडे बघितलं, मग बोर्डाकडे. चौतीस. एका बसचा ड्रायव्हर समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, तुमचंच मशीन आहे ना? उतरतंय की. या वाऱ्यात लेकरं न्यायची का?" कुणी उठेना. गुडघे दुखणारी एक आजी तर पांघरूण ओढून आडवी झाली. यंत्राचा आकडा एवढा मोठा, एवढा हिरवा, आणि समोर रडून डोळे सुजलेली बाई. मीही माझं ऐकलं नसतं.

अंगरूपजी ओरडले नाहीत. ते मधोमध उभे राहिले आणि आपल्या बोलीत एकच वाक्य बोलले. मग तेच हिंदीत म्हणाले. "दार अडकलंय. काल तासलेलं दार आज पुन्हा अडकलंय."

त्या माणसांत खोऱ्यातली वीसएक होती. ती लगेच उठली. कुणी विचारलं नाही, कुणी बोर्डाकडे बघितलं नाही. बायकांनी मुलं पाठीला बांधली, दोघांनी आजीला पांघरुणासकट उचललं. त्यांना तसं उठताना पाहून बाकीच्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती दिसली. मग सगळेच निघाले. एकमेकांच्या कमरेला धरून लांबच लांब ओळ झाली. वारा तोंडावर सुया टोचाव्यात तसा लागत होता. बर्फाच्या पडद्यातून सगळं अंधुक दिसत होतं. मी शेवटी होते आणि सारखी मागे वळून बघत होते.

बोगद्याच्या तोंडाशी अंगरूपजींनी माणसं मोजली. चौऱ्याहत्तर, आणि आम्ही दोघं. ते शेवटचा आकडा म्हणतच होते तेव्हा तडा गेल्याचा आवाज झाला. बंदुकीसारखा, एकच. त्यानंतर एक दीर्घ क्षण काहीच नाही. मग सगळं छत एका दमात खाली बसलं. मधोमध बर्फाचा एक ढग उठला आणि त्या ढगातून थोडा वेळ बोर्डाचा हिरवा उजेड दिसत राहिला. एकतीस. मग तोही गेला.

बोगद्यात तो ड्रायव्हर माझ्याजवळ आला, हात जोडले आणि तसाच परत गेला. आजीनं मला जवळ ओढून आपलं पांघरूण माझ्या खांद्यावर टाकलं. मला वाटलं, संपलं. वाचलो. कुठेतरी मला बरं वाटत होतं, हे कबूल करते. बोगद्याच्या भिंतीवरचा फोन घेऊन मी दादाला कळवलं.

"पडलं."

"माणसं?"

"सगळी बाहेर आहेत."

तो रडला नाही की काही नाही. "केतकी," तो म्हणाला, "माझ्यासमोर एकसष्ट तळांची यादी आहे. हा पाऊस नुसता शिंगरीत पडलेला नाही. आत्ता एकोणीस ठिकाणी आकडा उतरतोय. मी वरून फोन लावत येतो, तू खालून लाव. तिंगलम शेवटचं आहे."

तिंगलम. तिंगलमच्या तळावर आमचा लोंढे होता. तासगावचा, गेल्याच वर्षी लागलेला, हसतमुख माणूस. काल संध्याकाळी त्याचा मला फोन आला होता, मी रंधा धुऊनपुसून ठेवत होते तेव्हा. तो काय म्हणाला होता आणि मी काय सांगितलं होतं, ते मला शब्दन् शब्द आठवलं.

फोन दोनदा वाजला. तिसऱ्यांदा त्यानं उचलला. मागे बराच कोलाहल होता, माणसांचा, भांड्यांचा, लहान मुलांचा.

"बोला ताई," लोंढे म्हणाला. "इथं सगळं बेस हाय बघा. दोनशे दहा माणूस उतरलंय, खिचडी चढवलीया. आकडा सकाळी पन्नास हुता, आता अठ्ठावीसवर आलाय. आणि ते अडकणाऱ्या दाराचं तुम्ही सांगितलेलं, तसं केलं हां कालच. पुन्हा पुन्हा कटकट नको म्हणून चांगलं दोन बोटं तासून काढलं. आता कसं, करंगळीनं ढकललं तरी उघडतंय."

मी फोन तोंडाशी आणखी जवळ धरला.

"लोंढे," मी म्हणाले, "सगळ्यांना घेऊन छताखालून बाहेर पड. आत्ताच्या आत्ता. भांडी, सामान, सगळं टाक."

"का ओ, ताई?" तो अजून हसतच होता. "आकडा तर उतरतोय की."